विसण नेमके पडते कुठे?

काही वर्षांपूर्वी डिसेंबर महिन्यात आम्ही दोघे सहकारी सिपना नदीच्या पाण्याचे नमुने घेण्यासाठी सेमाडोहला गेलो होतो. परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मेळघाटच्या सागाच्या जंगलात हे गाव आहे. दिवसा ऊन चांगले असते, पण सूर्य डोंगराआड गेला की थंडी एकदम उतरते. पहाटे बादलीत हात घालवत नाही. आमची राहण्याची सोय तिथल्या एका निवासी शाळेत झाली होती.

शाळेच्या वसतिगृहात साठ मुली होत्या. बहुतेक कोरकू, काही गवळी कुटुंबांतल्या. छपरावर पाचशे लिटरचा सौर बंब होता. असे असूनही सकाळी आंघोळीची वेळ झाली की मुली नळाजवळ घुटमळत. पाणी यायचे, पण कोमट. शाळेच्या अधीक्षकांनी नळाखाली हात धरून "गरम तर आहे" असे सांगितले, तेव्हा मुली एकमेकींकडे पाहून गप्प बसल्या.

विज्ञानाच्या शिक्षकांनी आम्हाला विचारले, "सर, ऊन इतके स्वच्छ आहे, मग पाणी तापत का नाही?" शहरातून एक कारागीर येऊन बंब पाहून गेला होता. काचेखालचे पत्रे निकामी झाले आहेत, पाचही संच बदला, असे त्याचे मत होते. तेवढा पैसा शाळेकडे नव्हता. दुसरा उपाय सगळ्यांना ठाऊक होता. जुनी चूल पुन्हा पेटवायची आणि जंगलातून लाकूड आणायचे.

हा दुसरा उपाय किती महाग पडला असता, याचा हिशेब आपण पुढे करणारच आहोत. पण त्याआधी स्वयंपाकघरातल्या मावशी काय म्हणाल्या ते सांगतो, कारण या साऱ्या प्रकरणाची किल्ली त्यांच्या एका वाक्यात होती. त्या म्हणाल्या, "या पान्याले इसन घालाच लागत नाही, नळातूनच इसन पडून येते!"

विसण म्हणजे कढत पाण्यात अंगाला सोसेल इतके थंड पाणी घालणे. मावशींनी हे थट्टेने म्हटले होते. आम्हीही हसलो आणि विसरलो. ते विसरलो नसतो तर आमचा एक दिवस वाचला असता.

हात म्हणजे थर्मामीटर नव्हे

पाणी कोमट आहे की गरम, यावर अधीक्षक आणि मुली यांचे एकमत होत नव्हते. दोघेही खरे बोलत होते. तीन भांड्यांचा प्रयोग आपण वर्गात करतोच. एक हात गार पाण्यात, दुसरा सोसवेल इतक्या गरम पाण्यात मिनिटभर ठेवायचा आणि मग दोन्ही हात मधल्या कोमट पाण्यात घालायचे. तेच पाणी एका हाताला गरम आणि दुसऱ्याला गार लागते. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने सतराव्या शतकात हे उदाहरण दिले होते. थंडीत गारठलेल्या हाताला ३६ अंशांचे पाणी गरमच वाटणार. पण ते अंगावर घेतल्यावर गोष्ट वेगळी होते. ओल्या अंगावरचे पाणी वाफ होऊन उडू लागते, त्या वाफेला लागणारी उष्णता अंगातून जाते आणि मुलीला हुडहुडी भरते.

म्हणून पहिले काम ठरले, हात बाजूला ठेवायचा आणि थर्मामीटर घ्यायचा. शाळेच्या प्रयोगशाळेत ११० अंशांपर्यंतचा साधा थर्मामीटर होता. त्याच्या जोडीला पंधरा लिटरची बादली, मनगटी घड्याळ आणि एक वही घेतली. नववीच्या चार मुली नोंदी ठेवायला तयार झाल्या.

चार क्रियापदे

गरम पाण्याचे साधन कोणतेही असो, चुलीवरचा हंडा, तांब्याचा बंब, विजेचा गिझर किंवा सौर बंब, नळाला कोमट पाणी आले तर चारच प्रश्न विचारायचे असतात. पुरेशी उष्णता *मिळते* का? मिळालेली उष्णता पाण्यात *शिरते* का? शिरलेली *टिकते* का? आणि टिकलेली नळापर्यंत *पोचते* का? कारागीर पहिल्या-दुसऱ्या प्रश्नावरच थांबला होता. आपण मात्र क्रमाने जाऊ.

मिळते का?

आधी गरज किती ते पाहू. पाचशे लिटर पाणी २१ अंशांवरून ६१ अंशांवर न्यायचे आहे. एक लिटर, म्हणजे सुमारे एक किलो पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते. म्हणून ५०० × ४० = २०,००० किलोकॅलरी. एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी. तेव्हा ही उष्णता झाली सुमारे २३ युनिट.

आता पुरवठा. आपल्याकडे हिवाळ्यातल्या निरभ्र दिवशी, दक्षिणेकडे योग्य कलवलेल्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर दिवसभरात साधारण ५ ते ६ युनिट सौर ऊर्जा पडते. छपरावर प्रत्येकी दोन चौरस मीटरचे पाच संच होते, म्हणजे दहा चौरस मीटर. पडलेल्या ऊर्जेपैकी निम्मी पाण्याला मिळते असे धरले तर २५ युनिट किंवा थोडी जास्तच होते. कागदावर तरी हिशेब जुळतो.

पण कागदावरच्या उन्हाला सावली नसते. सेमाडोह उत्तर अक्षांश साडेएकवीस अंशांच्या आसपास आहे. २२ डिसेंबरला सूर्य विषुववृत्ताच्या साडेतेवीस अंश दक्षिणेला असतो. म्हणजे त्या दिवशी सेमाडोहला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ९० − २१.५ − २३.५ = ४५ अंशांवरच येतो. याचा एक सुंदर परिणाम होतो. त्या दिवशी मध्यान्ही काठीची सावली बरोबर काठीएवढी असते! मे महिन्याच्या अखेरीस जिथे झाडाची सावली बुंध्याशीच असते, तिथे डिसेंबरात आठ मीटर उंचीचे झाड आठ मीटर लांब सावली टाकते, आणि सकाळ-संध्याकाळी त्याहून कितीतरी लांब. उन्हाळ्यात उत्तम चालणारा सौर बंब ऐन थंडीत रुसतो, त्यामागे पुष्कळदा दक्षिणेकडचे झाड किंवा नवी बांधलेली भिंत असते.

आम्ही दर तासाला छपरावर जाऊन पाहिले. सकाळी थोडा वेळ एका संचावर सावली येत होती, बाकी ऊन मोकळे होते. काचेवर धुळीचा थर होता, तो ओल्या फडक्याने पुसून घेतला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर "हो" असे आले.

शिरते का?

सौर बंबाची रचना थोडक्यात अशी. काचेखाली काळा लेप दिलेले पत्रे असतात आणि त्यांना तांब्याच्या बारीक नळ्या जोडलेल्या असतात. सूर्यप्रकाश काचेतून आत जातो, पत्रा तापतो. तापलेल्या पत्र्यातून निघणारे उष्णतेचे प्रारण काचेतून सहज बाहेर पडू शकत नाही. नळ्यांतले पाणी तापते, प्रसरण पावते, हलके होते आणि वरच्या टाकीत चढते. त्याची जागा टाकीच्या तळचे गार पाणी घेते. पंप नाही, वीज नाही. दिवसभर हे अभिसरण आपोआप चालू राहते.

हे अभिसरण किती नाजूक असते ते पाहा. २० अंशांच्या एक लिटर पाण्याचे वस्तुमान ९९८ ग्रॅम असते आणि ६० अंशांच्या एक लिटर पाण्याचे ९८३ ग्रॅम. फरक फक्त १५ ग्रॅमचा. एवढ्याशा फरकाच्या जोरावर सगळे पाणी फिरते. त्यामुळे नळीत हवेचा एखादा बुडबुडा अडकला किंवा क्षार साचून नळी अरुंद झाली, तर अभिसरण मंदावते. पत्रे तापून लाल व्हायची पाळी येते आणि टाकीतले पाणी मात्र गार राहते.

क्षारांची गोष्ट वऱ्हाडात नवी नाही. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी तोंडात घालवत नाही, आणि धातूच्या टाक्या त्या पाण्याने लवकर गंजतात. मेळघाटच्या काळ्या पाषाणातले पाणी तसे खारे नसते, पण त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची बायकार्बोनेटे विरघळलेली असू शकतात. असे पाणी तापवले की कॅल्शियम कार्बोनेट वेगळे होऊन भांड्याच्या आतून पांढरे कवच धरते. तांब्याच्या तुलनेत या कवचातून उष्णता शेकडो पट कमी वेगाने वाहते. चहाच्या आधणाच्या पातेल्यात किंवा गिझरच्या कॉइलवर हे कवच सर्वांनी पाहिलेले असते. तांब्याच्या बंबात तर दोन्हीकडून पांघरूण पडते, आतून क्षारांचे आणि बाहेरून काजळीचे.

थंड देशांत घरे उबदार ठेवण्यासाठी तळघरात तेलावर चालणारा बॉयलर असतो. काही घरांत नळाचे पाणी त्याच बॉयलरमधल्या तांब्याच्या वेटोळ्यातून फिरवून तापवतात. तिथेही नळाला कोमट पाणी आले की एक सोपी परीक्षा करतात. नळाची धार बारीक करून पाहायची. धार बारीक केल्यावर पाणी चांगले कढत येऊ लागले, तर दोष बहुधा वेटोळ्यात असतो. पाण्याला आत जास्त वेळ मिळाला की उष्णता शिरते, घाईत शिरत नाही. म्हणजे कवच साचले आहे. धार बारीक करूनही फरक पडला नाही, तर शोध दुसरीकडे घ्यायचा. वेटोळ्यातून निघणारा पाइप कढत आणि नळ कोमट असेल, तर दोष बहुधा वाटेतल्या गरम-गार मिश्रण करणाऱ्या झडपेत असतो.

सेमाडोहला आम्ही संध्याकाळी पाच वाजता टाकीच्या वरच्या अंगाला असलेल्या छोट्या तोटीतून पाणी काढले. थर्मामीटर ६१ अंशांवर गेला. वहीत नोंद करणारी मुलगी दोनदा वाचून म्हणाली, "सर, एकसष्टच!" म्हणजे उष्णता पाण्यात शिरत होती. कारागिराने निकामी ठरवलेले पाचही संच आपले काम चोख करत होते.

टिकते का?

जुन्या सौर बंबात काळी टाकी सरळ काचेच्या पेटीत ठेवलेली असे. दुपारी पाणी तापायचे आणि सकाळपर्यंत गार व्हायचे. १९०९ साली कॅलिफोर्नियात विल्यम बेली यांनी तापवण्याचा भाग आणि साठवण्याची टाकी वेगळी केली. टाकीला उष्णतारोधक आवरण घातले आणि ती वरच्या बाजूला ठेवली. आजचे बंब त्याच कल्पनेवर चालतात.

टाकी वर का? रात्री पत्रे आकाशाकडे उष्णता फेकून गार होतात. टाकीचा तळ पत्र्यांच्या वरच्या टोकापेक्षा पुरेसा उंच नसेल, तर दिवसाचे अभिसरण रात्री उलटे फिरू लागते आणि दिवसभर कमावलेली उष्णता रात्रभर आकाशाला वाटली जाते. संध्याकाळी कढत आणि सकाळी कोमट अशी तक्रार असेल, तर या गोष्टीकडे पाहावे.

आम्ही सकाळी सहाला पुन्हा त्याच तोटीचे पाणी मोजले. ५५ अंश. रात्रीत सहा अंश गेले होते. इतकी घट चांगल्या टाकीतही होते. तिसऱ्या प्रश्नाचेही उत्तर "हो".

पोचते का?

सव्वासहाला न्हाणीघरात गेलो. पहिली बादली २३ अंश. दुसरी ३६. तिसरी ३६. दहाव्या बादलीलाही ३६!

पहिल्या बादलीचे कोडे सोपे आहे. टाकीपासून नळापर्यंत एक इंची पाइप सुमारे तीस मीटर लांब होता. अशा पाइपात मीटरमागे जवळजवळ अर्धा लिटर पाणी राहते. म्हणजे रात्रभर पाइपात पडून गार झालेले पंधरा लिटर पाणी आधी बाहेर येणार. बरोबर एक बादली.

पण पुढच्या बादल्यांचे काय? टाकीपाशी ५५ आणि नळापाशी ३६. एकोणीस अंश गेले कुठे? अधीक्षक म्हणाले, "पाइप उघडा आहे, वाटेत गार होत असेल." तर्क चुकीचा नव्हता. पण तर्काला हिशेबाच्या काट्यावर ठेवावे लागते. धार मिनिटाला दहा लिटर होती. दहा लिटर पाणी एकोणीस अंशांनी गार व्हायचे, तर मिनिटाला १९० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे १३ किलोवॉट उष्णता पाइपातून बाहेर पडायला हवी. १३ किलोवॉट म्हणजे एक हजार वॉटच्या तेरा इस्त्र्या तीस मीटरच्या पाइपावर एकाच वेळी तापत ठेवल्यासारखे! इंचभर जाडीच्या उघड्या पाइपातून हवेत इतकी उष्णता जाऊच शकत नाही. फार तर दीड-दोन किलोवॉट जाईल. त्याने पाणी दोन-तीन अंशांनी उतरेल, एकोणीस अंशांनी नाही.

उष्णता बाहेर जात नसेल तर एकच शक्यता उरते. बाहेरून काहीतरी आत येत असले पाहिजे. त्या क्षणी आम्हाला मावशींचे वाक्य आठवले. नळातच विसण पडत होते!

किती विसण पडत होते, हे आठवीचा विद्यार्थीही काढू शकेल. गरम पाणी ५५, थंड २१, मिश्रण ३६. मिश्रणात गरम पाण्याचा वाटा म्हणजे (३६ − २१) ÷ (५५ − २१) = १५ ÷ ३४ = ०.४४. वाटेतली थोडी घट सोडून दिली, तर दर शंभर भागांत गरम पाणी ४४ भाग आणि थंड ५६ भाग. निम्म्याहून जास्त पाणी थंडच होते.

आता वहीत लिहिलेल्या दोन किरकोळ नोंदींनाही अर्थ आला. मुलींनी आधीच सांगितले होते की थंड पाण्याच्या नळाला कधी कधी ऊन पाणी येते. आम्हाला ती गंमत वाटली होती. आणि आंघोळी उरकल्यावरही टाकीचे पाणी कढत उरलेले असे. टाकी रिकामी होत नव्हती आणि मुलींना मात्र गरम पाणी पुरत नव्हते.

परीक्षा आणि उपाय

अंदाज खरा की खोटा हे ठरवणारी एक परीक्षा आहे. ती कोणत्याही घरात करता येते. सौर टाकीकडे जाणारा थंड पाण्याचा कॉक बंद करायचा आणि गरम पाण्याचा नळ उघडायचा. टाकीला नवे पाणी मिळत नाही, त्यामुळे टाकीच्या तोंडाजवळचे थोडे पाणी येऊन धार थांबली पाहिजे. आमची धार मंदावली, पण थांबली नाही. पाच मिनिटांनी थर्मामीटर लावला, २१ अंश. "गरम" नळाला येणारे हे पाणी टाकीतून येतच नव्हते. ते थंड पाण्याच्या पाइपातून कुठून तरी गरम पाइपात घुसत होते.

शोधायला अर्धा तास लागला. भांडी घासण्याच्या जागी कोणीतरी सोय म्हणून गरम आणि थंड असे दोन्ही पाइप एकत्र जोडले होते. दोघांना एकेक कॉक आणि पुढे सामाईक नळीच्या टोकाला तिसरी तोटी. भांडी घासून झाली की टोकाची तोटी बंद व्हायची, मागचे दोन्ही कॉक उघडेच राहायचे. बाहेर थेंबही पडत नसे, म्हणून कोणाला शंका आली नाही. पण आत दोन्ही पाइप एकमेकांना जोडलेले होते. थंड पाण्याची वाट सरळ होती आणि गरम पाण्याची वाट टाकीतून वळसा घेऊन येत होती. न्हाणीघरातला नळ उघडला की सोप्या वाटेने थंड पाणीही पुढे धावायचे.

उपाय काय केला? टोकाची तोटी काढून टाकली, एवढेच. आता पाणी थांबवायचे तर मागचे दोन्ही कॉक बंद करावेच लागतात, नाही तर पाणी वाहत राहते आणि लगेच ध्यानात येते. पुढे गरम पाइपावर पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडपही बसवावी, असे आम्ही सुचवले. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातल्या दुसऱ्या बादलीत थर्मामीटर ५३ अंशांवर गेला. वाटेत गेले ते दोनच अंश, पाइपाने नेले.

५३-५५ अंशांचे पाचशे लिटर पाणी २१ अंशांच्या पाण्याने ४० अंशांवर आणले, तर सुमारे नऊशे लिटर होते. पंधरा लिटरची एक बादली धरली तर साठ बादल्या. साठ मुली, साठ बादल्या. बंब बसवणाऱ्याने माप बरोबरच घेतले होते.

बंबाची आणि गिझरची तीच कथा

आपल्या जुन्या तांब्याच्या बंबांपैकी काहींची तोटी वरच्या बाजूला असते. नरसाळ्यातून तांब्याभर थंड पाणी ओतले की तितकेच कढत पाणी तोटीतून बाहेर येते. हे जमते, कारण नरसाळ्याची नळी आत तळापर्यंत गेलेली असते. थंड पाणी तळाशी बसते, गरम वर तरंगते. ही आतली नळी वरच फुटली, तर थंड पाणी तोटीपाशीच मिसळते. जाळ कितीही घाला, पाणी कोमटच. विजेच्या साठवण गिझरमध्येही अशीच व्यवस्था असते. अमेरिकेत १९९३ ते १९९६ या काळात बनलेल्या लाखो हीटरांमध्ये ही आतली प्लॅस्टिकची नळी ठिसूळ होऊन तुटली, आणि जाळ व्यवस्थित असूनही लोकांना कोमट पाणी मिळू लागले. तिथेही विसण आतच पडत होते.

कोमटपणाचा एक धोकाही सांगायला हवा. लिजिओनेला नावाचे जिवाणू साधारण २५ ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात चांगले वाढतात. १९७६ साली फिलाडेल्फियातील एका हॉटेलात पसरलेल्या न्युमोनियामुळे ते प्रथम ओळखले गेले. म्हणून मोठ्या टाकीतले पाणी ६० अंशांच्या आसपास तापवून ठेवणे बरे. मात्र ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत भाजते, लहान मुलांना तर आणखी लवकर. त्यामुळे बादलीत नेहमी आधी थंड आणि मग गरम पाणी घ्यावे. विसण बादलीत पडावे, पाइपात नव्हे.

न पेटलेली चूल

आता तो राहिलेला हिशेब. २०,००० किलोकॅलरी म्हणजे सुमारे ८४ मेगाजूल. वाळलेल्या एक किलो लाकडात सुमारे १६ मेगाजूल उष्णता असते, पण उघड्या चुलीत तिच्यातली १२ ते १५ टक्केच पाण्याला मिळते. म्हणजे रोज ३५ ते ४५ किलो लाकूड, साधारण दोन मोळ्या. थंडीच्या चार महिन्यांत चार-पाच टन. मेळघाट हे १९७३-७४ मध्ये सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक आहे. मोळ्या डोक्यावरून आणणार कोण, तर त्याच मुलींच्या आया. आणि धुरात बसणार कोण, तर मावशी. एका उघड्या राहिलेल्या कॉकमागे एवढे सगळे उभे होते.

वर्गात करून पाहा

१. दोन भांड्यांतल्या पाण्याचे तापमान मोजा. दोन्ही ठरावीक प्रमाणात मिसळण्यापूर्वी मिश्रणाचे तापमान हिशेबाने काढून फळ्यावर लिहा. मग मिसळून मोजा. फरक पडला तर तो कुठे गेला यावर चर्चा करा. भांड्यानेही थोडी उष्णता घेतलेली असते.

२. सारख्या तोंडाच्या दोन काचेच्या बाटल्या घ्या. एकीत रंगीत गरम पाणी, दुसरीत साधे गार पाणी काठोकाठ भरा. गरम बाटलीच्या तोंडावर पुठ्ठा धरून ती उलटी गार बाटलीवर ठेवा आणि पुठ्ठा हळूच काढा. रंग वरच राहतो. आता गार वर आणि गरम खाली असे करून पाहा. गरम पाणी हाताला सोसेल इतकेच घ्यावे.

३. २२ डिसेंबरच्या आसपास मध्यान्ही मीटरभर काठीची सावली मोजा. तुमच्या गावाचा अक्षांश त्यावरून काढता येईल.

४. शाळेत, वसतिगृहात किंवा घरी कोमट पाण्याची तक्रार असेल, तर मिळते, शिरते, टिकते, पोचते या चार मथळ्यांखाली नोंदी करा. छपरावर जाताना मुलांबरोबर मोठे माणूस असावे.

आम्ही निघालो त्या सकाळी विज्ञानाच्या शिक्षकांनी ती वही प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवली. तिच्या पहिल्या पानावर मुलींनी तारीख, वेळ आणि अंश असे तीन रकाने आखले होते. चौथा रकाना त्यांनी स्वतःच्या मनाने वाढवला होता, "कोण काय म्हणाले". मावशींचे वाक्य त्यात पहिल्याच ओळीत होते.